महागडा प्लकर घ्यावा का? चिमट्याच्या इतिहासातून शोधलेलं उत्तर



शीर्षक वाचून वाटेल की हिचा प्रबंध राहिला बाजूला आणि ही भुवयांच्या मागे लागली. पण थोडा धीर धरा. 'पैसे वसूल होतील का?' हा प्रश्न संशोधनाच्या भाषेत कसा मांडायचा, हे मला एका चिमट्याने शिकवलं. तुमच्यापैकी जे आता पेटची तयारी करताहेत किंवा पहिला आराखडा लिहिताहेत, त्यांना त्याचा उपयोग होईल असं वाटतं.

गेल्या महिन्यात मावशीचा फोन आला. तिचं गावात छोटं पार्लर आहे. "अगं, एक बाई सामान विकायला आलेली. एक प्लकर अडीच हजाराला सांगतेय. माझा साठ रुपयांचा आहे. तू एवढं सायन्स शिकतेस, सांग बघू, घेऊ का?"

मला हसू आलं, आणि लगेच तीन वर्षांपूर्वीची एक दुपार आठवली.

तेव्हा मी पीएचडीच्या पहिल्या वर्षाला होते. माझ्या नमुन्यासाठी दुसऱ्या संस्थेतल्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर बऱ्याच आठवड्यांनी वेळ मिळाली होती. नमुना ठेवायची जाळी, म्हणजे टीईएम ग्रिड, जेमतेम ३ मिलिमीटर व्यासाची असते आणि जाडीला कागदापेक्षाही पातळ. लॅबच्या ड्रॉवरमधला हाताला लागेल तो चिमटा मी सोबत नेला होता. त्याची टोकं एकमेकांवर नीट बसत नव्हती. ग्रिड उचलताना टोकं तिरकी सरकली, ग्रिड दुमडली आणि त्या दिवसाचं काम संपलं. दोष यंत्राचा नव्हता, नमुन्याचाही नव्हता. निघायच्या आधी चिमटा तपासला नाही, ही चूक माझी.

परत आल्यावर चांगला चिमटा मागवायचं ठरवलं. खरेदीसाठी अर्ध्या पानाचं समर्थन लिहायचं होतं. मी लिहिलं, 'हा चिमटा उत्तम दर्जाचा असल्याने आवश्यक आहे.' आमच्या मॅडमनी 'दर्जा' या शब्दाभोवती लाल गोल काढला आणि समासात एकच शब्द लिहिला: 'कशाचा?'

त्या एका शब्दाच्या मागे लागून मी चिमट्यांचा इतिहास वाचायला घेतला. किमतीत काय काय दडलेलं असतं, हे आजच्या दुकानात उभं राहून कळत नाही. कोणती गोष्ट कधी वस्तूला जोडली गेली, हे पाहिलं की ते वेगवेगळं दिसायला लागतं.

साधी वस्तू, जुनी वस्तू

चिमटा फार जुना आहे. हडप्प्याच्या उत्खननात टोचणी, कान कोरायची कोरणी आणि चिमटा असा एकत्र संच सापडला. मेसोपोटेमियातल्या उर आणि किश इथेही अशाच धर्तीचे संच मिळाले. म्हणजे आपल्या आजीच्या चाव्यांच्या जुडग्यात कानकोरणं असायचं, तशीच ही शरीराची निगा राखायची हत्यारं, चार-साडेचार हजार वर्षांपूर्वीची.

रोमन काळात तर चिमटा घरोघरी गेला. इंग्लंडमधलं रॉक्सेटर हे एके काळचं रोमन शहर. तिथे पन्नासहून अधिक चिमटे सापडले आहेत. रोमन लोकांत अंगावरचे केस काढायची पद्धत पुरुषांतही होती. सेनेका हा विचारवंत एका स्नानगृहाच्या वर राहत होता. तिथल्या गोंगाटाबद्दल त्याने पत्रात तक्रार केली आहे: केस उपटणारा माणूस गिऱ्हाइकं मिळवायला किंचाळत असतो आणि तो गप्प होतो तेव्हा त्याचं गिऱ्हाईक ओरडत असतं! पार्लरच्या खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या कुणालाही हे पटेल.

इथे संशोधक म्हणून एक सावधगिरी. उत्खननात चिमटा सापडला म्हणजे तो भुवयांसाठीच वापरत होते, असं म्हणता येत नाही. त्याने काटाही काढता येतो, जखमेतला कचराही. वस्तू आपला आकार सांगते, उपयोग सांगत नाही. उपयोगासाठी दुसरा पुरावा लागतो, आणि रोमच्या बाबतीत तो सेनेकाच्या पत्रासारख्या लिखाणातून मिळतो. तुमच्या विषयातही हे लक्षात ठेवा: एक पुरावा जेवढं सांगतो, तेवढंच त्याच्याकडून घ्यायचं.

दोषांची यादी

माझ्या लाल गोलाचं उत्तर मात्र मला अगदी घरच्या ग्रंथात मिळालं. सुश्रुतसंहितेत शस्त्रक्रियेच्या १०१ यंत्रांचं वर्गीकरण आहे. त्यात 'संदंश' म्हणजे चिमट्यांचा एक वर्ग आहे. त्याचे दोन प्रकार, लांबी सोळा अंगुळे. कातडी, मांस, शिरा यांत अडकलेली बाहेरची वस्तू काढायला ते वापरायचे. एक अंगूळ सुमारे पावणेदोन ते दोन सेंटिमीटर धरली, तर हा चिमटा जवळजवळ एक फुटाचा होतो. भुवयांचा तो नक्कीच नाही.

पण पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात आणखी एक छोटा चिमटा येतो. लांबी सहा अंगुळे. काम: बारीक शल्य काढणं आणि पापणीला वाढलेले जादा केस उपटणं. सहा अंगुळे म्हणजे सुमारे ११ सेंटिमीटर. मी माझ्या टेबलावरचा चिमटा पट्टीला लावून पाहिला. ११ सेंटिमीटर! यात गूढ काही नाही. माणसाचा हात तेवढाच राहिला आणि केसही तेवढाच राहिला, म्हणून हत्यारही तेवढंच राहिलं.

खरी गंमत पुढे आहे. सुश्रुतसंहितेत यंत्रांचे बारा दोष दिले आहेत. हे दोष सगळ्याच यंत्रांसाठी आहेत, पण चिमटा हातात धरून वाचले तर बहुतेक त्यालाच लागू पडतात. फार जाड, फार लांब, फार आखूड, वाकडं, ढिलं. धातूत दम नसलेलं. 'अग्राही', म्हणजे पकडच न घेणारं. 'विषमग्राही', म्हणजे सगळीकडे सारखं न पकडणारं. 'मृदुमुख', म्हणजे ज्याचं तोंड मऊ आहे, जोर दिला की वाकतं.

माझी ग्रिड दुमडली ती 'विषमग्राही' चिमट्याने. मावशीच्या पार्लरमध्ये केस मुळातून न निघता मध्येच तुटतो, तोही बहुतेक वेळा याच दोषाने. या यादीत महाग आणि स्वस्त हे शब्दच नाहीत. 'दर्जा' हा एक फुगलेला शब्द फोडून त्याचे बारा तपासता येतील असे तुकडे केले आहेत. संशोधन पद्धतीच्या तासाला आपण ज्याला संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या म्हणतो, ती याहून वेगळी काय असते?

सोनेरी रंगाची किंमत

मग महाग चिमटे आले कुठून? याचं माझं सर्वांत आवडतं उदाहरण मेक्सिकोतलं आहे.

पश्चिम मेक्सिकोत मिचोआकान भागात तारास्कन, म्हणजेच पुरेपेचा लोकांचं राज्य होतं. त्यांचे पुरोहित गळ्यात धातूचा मोठा चिमटा अडकवत. तो त्यांच्या पदाचा बिल्ला होता. स्पॅनिश आक्रमणानंतर साधारण १५४० च्या सुमारास तयार झालेल्या मिचोआकानच्या वृत्तांतात मुख्य पुरोहिताच्या गळ्यातल्या या चिमट्याचा उल्लेख येतो.

एमआयटीच्या डोरोथी हॉस्लर यांनी या भागातल्या धातूच्या वस्तूंचा रासायनिक आणि यांत्रिक अभ्यास केला. त्यावरचं त्यांचं पुस्तक १९९४ मध्ये आलं. त्यांना दिसलं ते असं. सुरुवातीचे चिमटे तांब्याचे होते, साध्या आकाराचे. साधारण १२०० नंतर कारागीर तांब्यात कथील किंवा आर्सेनिक मिसळायला लागले. त्यामुळे धातू मजबूत झाला आणि पाती पातळ, रुंद, शिंपल्यासारखी बाकदार करता आली. इथपर्यंत मिश्रधातूचा खर्च कामासाठी होता.

पण पुढे, विशेषतः विधींच्या वस्तूंमध्ये, कथील आणि आर्सेनिकचं प्रमाण मजबुतीला लागतं त्यापेक्षा बरंच जास्त निघालं. कशासाठी? रंगासाठी. कथील वाढवलं की कांसं सोनेरी दिसतं, आर्सेनिक वाढवलं की चांदीसारखं. सोनं आणि चांदी यांचा संबंध त्यांच्याकडे सूर्य आणि चंद्र या देवतांशी होता.

हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. कारण 'किंमत कुठे जाते' हे एका वस्तूत मोजून दाखवता येतं, हे मला पहिल्यांदा कळलं. कामाला लागतं तेवढं मिश्रण एकीकडे, त्याच्या वरचं सगळं मिरवण्याकडे. मिरवणं फालतू असतं असं मला म्हणायचं नाही. पुरोहितासाठी तेच त्या चिमट्याचं मुख्य काम होतं. पण त्याने केस जास्त चांगला निघत नाही. आजच्या गुलाबी-सोनेरी मुलाम्याच्या प्लकरलाही हेच लागू आहे.

पोलाद, घड्याळ आणि नाव

आता आपल्या काळाकडे येऊ. आजच्या चिमट्याच्या किमतीत तीन गोष्टी एकामागून एक येऊन बसल्या.

पहिली, न गंजणारं पोलाद. १९१३ मध्ये शेफील्डमध्ये हॅरी ब्रेअर्ली बंदुकीच्या नळ्या लवकर झिजतात, त्यावर उपाय शोधत होता. सुमारे १२-१३ टक्के क्रोमियम असलेलं पोलाद गंजत नाही, हे त्याच्या लक्षात आलं आणि ते सुऱ्या-काट्यांसाठी वापरायचा त्याने आग्रह धरला. त्याच सुमारास जर्मनीत क्रुप कंपनीत क्रोमियमसोबत निकेल असलेलं दुसऱ्या प्रकारचं न गंजणारं पोलाद तयार झालं. ब्रेअर्लीच्या जातीचं पोलाद तापवून-थंड करून कडक करता येतं. निकेलवालं तसं कडक होत नाही, पण गंजाला जास्त दाद देत नाही आणि लोहचुंबकाला सहसा चिकटत नाही.

दुसरी गोष्ट, टोकाचं हातकाम. स्वित्झर्लंडच्या घड्याळजींना केसाएवढ्या बारीक स्प्रिंगा उचलायच्या असत. त्यासाठी टोकं भिंगाखाली घासून एकमेकांवर तंतोतंत बसवलेले चिमटे तयार व्हायला लागले. पुढे तेच जीवशास्त्राच्या, इलेक्ट्रॉनिक्सच्या आणि आमच्यासारख्यांच्या प्रयोगशाळांत आले. या वर्गातल्या '५ नंबर' चिमट्याचं टोक एक दशांश मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असतं. माणसाचा केस साधारण ०.०५ ते ०.१ मिलिमीटर जाड असतो, म्हणजे टोक केसाच्याच मापाचं झालं.

तिसरी गोष्ट, नाव. १९८० मध्ये अमेरिकेत डाल लामाग्ना याने ट्वीझरमॅन ही कंपनी काढली. सुरुवात भुवयांपासून नव्हतीच, लाकडाची कुसं काढायच्या टोकदार चिमट्यापासून होती. मग तो ब्युटी सलूनकडे वळला आणि भुवयांचा चिमटा हेच कंपनीचं मुख्य नाव झालं. २००४ मध्ये जर्मनीच्या झ्विलिंग कंपनीने ती विकत घेतली. या कंपनीचं एक वैशिष्ट्य म्हणजे चिमट्याला फुकट धार लावून देणं. म्हणजे किमतीत वस्तूसोबत दुरुस्तीही आली. ती सेवा आपल्यापर्यंत पोचत नसेल, तर किमतीचा तेवढा हिस्सा आपल्या उपयोगाचा नाही.

थोडं भौतिकशास्त्र

चिमटा म्हणजे एका टोकाला जोडलेल्या दोन लवचिक पट्ट्या. अशा पट्टीचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी १० टक्क्यांनी वाढली की ताठपणा सुमारे ३३ टक्क्यांनी वाढतो. म्हणून एक प्लकर बोटं दुखवतो आणि दुसरा हलका वाटतो. यासाठी महाग पोलाद लागत नाही, कारण पोलादाच्या निरनिराळ्या जातींची लवचिकता जवळपास सारखीच असते. फक्त जाडी आणि लांबी बरोबर ठरवावी लागते.

महाग पोलादाचा फायदा दुसरीकडे आहे. चांगलं कडक केलेलं टोक दाबाखाली वाकून तसंच राहत नाही आणि लवकर झिजत नाही. म्हणजे 'मृदुमुख' दोष टळतो. तारास्कन कारागिरांना तांब्याऐवजी कांसं वापरून हेच मिळालं होतं: ताठपणात फारसा फरक नाही, पण पातळ पातं वाकलं तरी परत जागेवर येणार.

आणि टोकाचं घासकाम? ते सर्वांत महत्त्वाचं. टोकांच्या कडा पूर्ण रुंदीभर टेकल्या तर दाब वाटला जातो आणि घर्षणाने केस धरला जातो. एकाच कोपऱ्यात टेकल्या तर सगळा दाब तिथे येतो आणि केस ओढला जायच्या ऐवजी कापला जातो. म्हणून भुवयांचा प्लकर अतिधारदार असणं हाही दोषच.

मावशीला काय सांगितलं?

आधी मी उलट विचारलं, "प्लकरनं तू नक्की काय करतेस?"

"आकार तर दोऱ्यानंच करते गं. प्लकर शेवटी, राहिलेले दोन-चार केस काढायला."

हे फार महत्त्वाचं उत्तर होतं. आपल्याकडे भुवयांचं मुख्य काम दोऱ्याच्या रिळावर चालतं. पीळ दिलेला दोराच तिथे चिमट्याचं काम करतो. म्हणजे तुलना साठ रुपये विरुद्ध अडीच हजार अशी नव्हतीच. दोरा आहेच, त्याच्या जोडीला किती चांगला प्लकर हवा, हा प्रश्न होता. तुलना कशाशी करायची हे चुकलं की पुढचं सगळं गणित बरोबर असूनही उत्तर चुकतं.

मग तिला चार तपासण्या सांगितल्या. एक, टोकं हलकेच मिटून उजेडासमोर धर. फट दिसता कामा नये. दोन, जरा जोरात दाब. टोकं एकमेकांवरून सरकली किंवा उघडली तर नको. तीन, मनगटावरचा एक बारीक केस पकडून ओढ. तो मुळासकट यायला हवा, तुटायला नको. चार, वीस-पंचवीस वेळा दाबून सोड. बोट दुखतंय का आणि फट पहिल्याएवढीच उघडतेय का, ते बघ.

दोन दिवसांनी तिचा फोन. बाजारात जाऊन तिने दुकानदाराला आठ-दहा प्लकर काढायला लावले होते. "वैतागला तो! पण एकाच डब्यातले, एकाच किमतीचे, तरी दोन पास आणि बाकीचे नापास." एकशेऐंशी रुपयांचा एक पास झालेला घेऊन ती घरी आली. आधीचा प्लकर टाकू नकोस, बारीक कानशीच्या दगडावर टोकं हलकेच घासून पुन्हा तपास, असंही मी तिला सांगितलं.

तिच्या त्या वाक्याने मला माझ्या प्रश्नाचा उरलेला भाग दिला. त्या अडीच हजारांच्या प्लकरकडून अपेक्षा काय? की डब्यातला कुठलाही उचलला तरी पास व्हावा. म्हणजे जादा पैशाचा एक भाग चिमट्याचा नसून तपासणीचा आहे. आपल्यासाठी ते काम कुणीतरी आधीच केलेलं असतं. मावशीसारखं दुकानात उभं राहून तपासता येत असेल, तर ते पैसे वाचतात. ऑनलाइन, न बघता घ्यायचा असेल, तर थोडे जास्त देण्यात अर्थ आहे. रंग, मुलामा आणि मखमली डबी यांचे पैसे मात्र पुरोहिताच्या गळ्यातल्या चिमट्याचे. हौस असेल तर जरूर द्या, पण ती हौस आहे हे माहीत असू द्या.

लॅबचं उत्तर वेगळं निघालं. आम्हाला टोक ग्रिडची कड पकडेल इतकं बारीक हवं होतं, आणि ग्रिड चिकटून उडू नये म्हणून चुंबकत्व नसलेला धातू हवा होता. दोन्ही गोष्टी स्वस्त चिमट्यात नव्हत्या. मी समर्थन पुन्हा लिहिलं. 'दर्जा' शब्द काढला. टोकाची रुंदी, धातूची जात, टोकांची जुळणी आणि एक ग्रिड वाया गेली तर किती आठवडे जातात, एवढंच लिहिलं. मॅडमनी काही न बोलता सही केली.

तुम्ही आराखडा लिहायला बसाल तेव्हा 'उत्तम', 'प्रभावी', 'परिणामकारक' असे शब्द आपोआप कागदावर उतरतील. माझेही उतरतात. मग मी स्वतःच लाल पेन घेते आणि समासात लिहिते: कशाचा?